इंजनवाल्या लिंबाजीचं नाव

ठाणाकुशनूरच्या एका हटकर धनगराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं हाकण्यात गेल्या, आणि लिंबाजी मात्र उठून आगीच्या इंजनापाशी जाऊन बसला. हे कसं झालं ते त्याच्या बापाला मरेपर्यंत उमगलं नाही. एका दुष्काळात मेंढरं विकली गेली, पोरगा उदगीरच्या बाजूला कापसाच्या एका जिनात कोळसा ओढायला लागला, तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली वाफ, काटा आणि चावी शिकला, आणि दहा वर्षांनी गावी परतला तेव्हा त्याच्या अंगाला लोकरीऐवजी तेलाचा वास येत होता. बापानं नाक मुरडलं. आई म्हणाली, "वास कसलाबी असू द्या. लेकरू धडधाकट आलंय न्हवं?"

आई सहज बोलून गेली, पण लिंबाजीला ते लागलं. कारण जिनातून सगळेच धडधाकट परतले नव्हते. त्याच्या डोळ्यांदेखत सरकी वेचणाऱ्या एका बाईची वेणी फिरत्या दांड्यात गेली होती. पुढचं तो कुणाला सांगत नसे. पुढं लग्न झालं तेव्हा त्यानं बायकोला, म्हाळसाबाईला, एवढंच बजावलं की आपल्या घरात बायकांनी वेणी सोडायची नाही, अंबाडाच घालायचा. म्हाळसाबाईला वाटलं, नवऱ्याला अंबाडा आवडतो. ती बिचारी लाजली. लिंबाजीनं तिचा गैरसमज कधी दूर केला नाही, पण बिरोबापुढं भंडारा उचलून त्यानं मनाशी एक ठरवलं होतं: माझ्या इंजनापाशी कुणाचं बोटसुद्धा जाणार नाही.

जर्मनच्या लढाईच्या सालात त्याला चिंचोळीच्या जंगलातून बोलावणं आलं. आळंदच्या किशनराव नावाच्या व्यापाऱ्यानं तिथल्या लाकडाचा ठेका घेतला होता. किशनरावाला तूर हातात धरली की ती कुठल्या शिवारातली ते सांगता येई. लाकडाशी त्याचा संबंध चुलीपुरता होता. पण लढाईमुळं रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांना मागणी आली होती आणि किशनरावाला घरी बसवेना. त्यानं कुठूनसं एक जुनं आगीचं इंजन आणि पुरुषभर उंचीची गोल करवत मिळवली, आठ बैलजोड्या लावून ती डोंगरात ओढून नेली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे चालवायचं कुणी, ते ठरवायचंच राहिलं.

लिंबाजी गेला. बरोबर म्हाळसाबाई, मुलगा रामलिंग आणि आदल्याच साली लग्न होऊन आलेली सून पद्माबाई. नाल्याच्या काठाला झोपडी घातली. रामलिंगाला पट्ट्याचं आणि तेलपाण्याचं काम मिळालं, पद्माबाईला करवतीखालचा भुसा पाटीनं वाहायचं.

जागा पहिल्या दिवसापासून लिंबाजीच्या मनात भरली नाही. इंजन एका टोकाला, करवत दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये पंचवीस पावलांचा चामडी पट्टा. ठिणगी उडून भुशाला लागू नये म्हणून एवढं अंतर ठेवावंच लागतं, ते ठीक. पण किशनरावानं कापलेले स्लीपर रचायला जागा निवडली ती नेमकी या दोहोंच्या मध्ये. थप्पी रोज वाढायची. पंधरा दिवसांत ती डोक्याच्या वर गेली आणि इंजनाशी बसलेल्या लिंबाजीला करवत दिसेनाशी झाली. "थप्पी हलवा," तो किशनरावाला म्हणाला. "उद्या," किशनराव म्हणाला. त्याचा तो उद्या काही उगवला नाही. लिंबाजी आता नुसत्या कानांवर विसंबून इंजन चालवू लागला. पट्ट्याच्या जोडावर लोखंडी पकड होती, ती दर फेऱ्याला चाकावर आपटायची. फट्‌, फट्‌, फट्‌. पाखरांनी ती बाजू सोडली होती. दुपारी सगळे जेवायला बसले तरी तो आवाज त्याच्या कानात चालूच असायचा.

एके दिवशी करवतीवर लाकूड सरकवणाऱ्या सिद्धरामाच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. सिद्धराम लिंगायत, अंगानं दांडगा, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारा. चार-पाच जण ओरडले, "थांब! थांब!" लिंबाजीनं ऐकलं आणि चावीला हात लावला नाही. का लावील? गाडीवाले दिवसभर बैलांना थांब म्हणतच होते. सिद्धराम वाचला तो धोतर फाटलं म्हणून. उघडा-वाघडा भुशात उभा राहिलेला सिद्धराम बघून माणसं पोट धरून हसली. लिंबाजी हसला नाही. त्यानं उगाच चिंधीनं पितळ पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ धरायच्या आधी त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

"आजपासून माझं नाव कुणी घ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "मिस्त्री म्हणा, अण्णा म्हणा, शिव्या द्या. पर लिंबाजी म्हणायचं न्हाई. कुणाचा हात, पाय, कापड अडकलं, तर मातर लिंबाजी म्हणून वरडायचं. दुसरं कायबी न्हाई. ते नाव कानावर आलं की म्या चावी बंद करणार. बाकी तुमी काय बोंबलायलाव तिकडं म्या ध्यान देणार न्हाई."

लोकांना गंमत वाटली. स्वतःचं नाव भोंग्यासारखं टांगून ठेवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पण आठच दिवसांत नियम पारखला गेला. किशनराव घोड्यावरून आला आणि सवयीनं थप्पीपलीकडून गरजला, "ए लिंबाजी!" तत्क्षणी वाफ बंद. करवत लाकडात रुतून बसली, ती सोडवायला अर्धा दिवस गेला. किशनराव थयथयाट करू लागला तेव्हा लिंबाजी शांतपणे म्हणाला, "मालक, कुणाचा हात गेला?" "कुणाचा न्हाई." "मग नाव कामून घेतलंव?" तेव्हापासून आळंदचा शेठसुद्धा त्याला मिस्त्री म्हणू लागला, आणि लिंबाजीच्या मनातली पहिली धाकधूक जरा कमी झाली.

पण नियम नुसता सांगून भागत नाही, तोंडाला वळण लागलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून रोज सकाळी, इंजन गार असताना, एकेकानं करवतीपाशी उभं राहून त्याच्या नावानं हाक मारायची. तो इंजनापाशी बसून ऐकायचा आणि हात वर करायचा. हाक बारीक आली तर पुन्हा मारायला लावायचा. सिद्धरामाची हाक नाल्यापलीकडं जायची. भुसा वाहणारी बसव्वा हसत हसत हाक मारायची. रामलिंग बापाचं नाव घ्यायला जरा बिचकायचा, पण घ्यायचा.

पद्माबाईची पाळी आली की सगळं अडायचं.

ती करवतीपाशी उभी राही, पदर दातांत धरी आणि मान खाली घाली. सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं? तिच्या आईनं काढलं नव्हतं, सासूनं काढलं नव्हतं. लिंब हा शब्दसुद्धा ती चुकवायची; कडू पाला म्हणायची. घरात तिचा आवाज चुलीच्या पलीकडं गेला नव्हता. आता वीस माणसांसमोर, जंगलात, सासऱ्याच्या नावानं बोंब मारायची म्हणजे काय? माणसं हसायची, बसव्वा तिला कोपरानं ढोसायची, आणि लिंबाजी थप्पीच्या कडेनं डोकावून म्हणायचा, "जाऊ द्या. तिला ऱ्हाऊ द्या."

सिद्धरामाला ते खटकलं. तो एकदा इंजनापाशी येऊन म्हणाला, "मिस्त्री, हे बरं न्हाई. समद्यांनी हाक मारायची तर तिनंबी मारायची. ती तर करवतीच्या बुडाशीच असतीया."

"अरे, सून हाय माझी."

"इंजनाला काय ठावं, सून का कोण?"

"तिच्यावर ती येळ येणार न्हाई. तुमी धा जण हाव की. तिनं तुमाला सांगायचं, तुमी वरडायचं."

सिद्धराम गेला. लिंबाजीला त्याचं बोलणं पटलं नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याला आतून बरं वाटत होतं. हटकराच्या घरचं वळण अजून शाबूत आहे, एवढ्या आडरानात, परक्या लोकांत, पोरगी आपला मान राखते आहे. त्या रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, पद्माबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "चांगल्या घरची पोरगी केली गं आपण. जीव गेला तरी नाव घ्यायची न्हाई." म्हाळसाबाईनं मान डोलावली. चुलीपाशी पद्माबाईनं भाकरी उलटली. तिला किती आनंद झाला असेल ते सांगायला नको, सासऱ्यानं तोंडभरून कौतुक केलेलं ते पहिलंच.

मार्गशीर्षात आभाळ भरून आलं आणि तीन दिवस उघडलंच नाही. झाडांच्या बुंध्यांतून धुकं हलत नव्हतं. ओल धरून पट्टा सैल पडला आणि चाकावरून सटकू लागला. पट्टा सटकला की त्यावर राळ मारायची, म्हणजे तो चाकाला धरतो. लिंबाजीचा दंडक होता की राळ मारायची तर इंजन थांबवून, आणि करवतीवर गडी नसले तर इंजन बंदच. पण चौथ्या दिवशी सकाळीच किशनरावाचं माणूस सांगत आलं की शनिवारी गाड्या भरल्या नाहीत तर ठेकाच जायचा. इंजन थांबवू नका.

दुपारच्या सुमाराला नाल्यात ओंडक्याची गाडी कलंडली. बैल जुवाखाली अडकले. सिद्धराम आणि बाकीचे गडी तिकडं पळाले. जाता जाता सिद्धराम ओरडला, "मिस्त्री, चावी बंद करा, आमी येस्तवर!"

लिंबाजीनं वाफेच्या काट्याकडं पाहिलं. वाफ नुकतीच चांगली धरली होती. बंद करावी, पुन्हा चढवावी, यात दिवस मावळायचा. येतीलच आता, असं म्हणून त्यानं चावी थोडी आवळली आणि इंजन चालू ठेवलं. रिकामी करवत फिरत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा दंडक त्यानं मोडला तो त्या दिवशी.

करवतीपाशी रामलिंग आणि पद्माबाई दोघंच राहिली. बसव्वा पाटी घेऊन भुसा टाकायला गेली होती. करवत रिकामी आहे, गडी नाहीत, तेवढ्यात राळ मारून घेऊ, असं रामलिंगाला वाटलं. बापाचा भार हलका करावा एवढाच त्याचा हेतू. त्यानं राळेची मूठ भरली आणि पळत्या पट्ट्यावर टाकायला वाकला. थंडीमुळं त्यानं बाराबंदी घातली होती. तिचा बंद पट्ट्याच्या लोखंडी पकडीत अडकला.

पद्माबाईनं त्याला चाकाकडं ओढलं जाताना पाहिलं. त्यानं एक पाय लाकडाला रोवला होता आणि दुसऱ्या हातानं करवतीशेजारचा खांब धरला होता. तो धरून होता. त्याला धरून राहता आलं, हे नंतर खांबावरच्या खुणांवरून सगळ्यांनी पाहिलं. चार-पाच श्वास घेण्याइतका वेळ होता.

तिनं तोंड उघडलं. "मामंजी!" ती म्हणाली. घरात म्हणायची तशीच, तेवढ्याच आवाजात. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मामंजी!" मग ती पळाली. थप्पीला वळसा घालून पंचवीस पावलं. पळता पळता तिनं पदर डोक्यावर घेतला. इंजनापाशी पोचली आणि सासऱ्यापासून चार हात अलीकडं थबकली. त्याला हात लावून हलवावं हेसुद्धा तिच्या हातून झालं नाही. तिनं नुसतं बोट दाखवलं.

"काय गं?" लिंबाजी काट्यावरून नजर न काढता म्हणाला. मग त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं, आणि चावी गरकन फिरवली.

पट्ट्याचा आवाज आधीच बदलला होता. तो त्यानं आता ऐकला.

रामलिंगाला गाडीत घालून हुमनाबादच्या दवाखान्याकडं नेलं. हात खांद्यापासून गेला होता. वाटेत तो दोनदा पाणी म्हणाला. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही, तेव्हा लिंबाजीनं गाडीवानाला बैल वळवायला सांगितलं.

चौथ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब पंचनाम्याला आले. किशनराव त्यांच्या कानाशी लागला होता. उर्दूतला कागद त्यांनी वाचून दाखवला, त्यात लिहिलं होतं की मयत आपल्याच गफलतीनं चालत्या पट्ट्याजवळ गेला. "बरोबर?" त्यांनी विचारलं. सिद्धरामानं लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजी जमिनीकडं बघत होता. त्यानं अंगठा दिला. पोराच्या मरणाचा दोष पोराच्याच पदरात टाकणारा तो अंगठा. त्या वेळी त्याला भीती वाटली, दुसरं काही नाही. इंजन चालू का ठेवलं, असं अमीन पुढं विचारील याची भीती.

कागदावर दोष रामलिंगाचा लागला. लोकांच्या तोंडी मात्र तो पद्माबाईचा झाला. एवढं सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, एक हाक मारवली नाही हिला. पाणवठ्यावर बायका ती आली की गप्प व्हायच्या. बसव्वा तेवढी तिची घागर भरून द्यायची. पद्माबाई कुणाला उलट बोलली नाही. तिचं तिलाच ते खरं वाटत होतं. दारापाशी भिंतीला टेकून ती दिवसचे दिवस बसून राही.

दहाव्याचा पिंड ठेवून माणसं परतली. म्हाळसाबाई इतके दिवस रडली होती, बोलली नव्हती. त्या दिवशी सुनेला दारात बसलेली पाहून तिचा तोल गेला.

"तुला तोंड न्हवतं का गं?" ती किंचाळली. "तीन अक्षरं! तीन अक्षरं तोंडातनं निघाली न्हाईत तुझ्या! माझं लेकरू खांब धरून वाट बघाय लागलं, आन्‌ तू पदर सावरायलीस?"

पद्माबाईनं मान वर केली नाही. लिंबाजी ओसरीच्या कडेला बसला होता. तो असाच बसून राहिला असता तरी त्याला कुणी काही म्हटलं नसतं. लेक गेलेला बाप. सगळे त्याच्याकडं दयेनंच बघत होते. पण सुनेची ती खाली घातलेली मान त्याला बघवेना.

"म्हाळसा," तो म्हणाला, "तिनं हाक मारली होती. म्या ऐकली."

म्हाळसाबाई थांबली.

"मामंजी म्हणली. दोनदा म्हणली. एकदा तर लख्ख कानावर आली माझ्या. मला वाटलं, भाकरीला बोलवायलीया. म्हणलं, कुणाचं काय अडकलं असतं तर नावानं हाक आली असती." "नावाबिगर थांबणार न्हाई, हे म्याच सांगितलं. आन्‌ तिनं नाव घेऊ नये, हेबी म्याच सांगितलं. तिचं कौतुक केलं. तुझ्यादेखत केलं. तिनं माझं समदं ऐकलं गं. पोराला म्या मारलं."

म्हाळसाबाई पुन्हा सुनेला टाकून बोलली नाही. नवऱ्याशीही फारसं बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढं कितीतरी महिने नाही.

तेरावं होताच किशनरावाचं माणूस आलं. दुसरा इंजनवाला मिळेना. लिंबाजी जाणार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला झोपडीबाहेर पाटीचा आवाज आला. पद्माबाई कामावर जायला निघाली होती. "पोट तर भराय पायजे," ती सासूला हळूच म्हणाली. मग तोही उठला.

लाकडाची थप्पी तिथं नव्हती. रामलिंग गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सिद्धरामानं गड्यांना घेऊन ती हलवली होती, किशनरावाला न विचारता. इंजनापाशी बसलं की करवत समोर स्वच्छ दिसत होती. खांबसुद्धा.

नेहमीसारखं एकेक जण करवतीपाशी जाऊन हाक मारू लागला. सिद्धरामानं मारली, बसव्वानं मारली, ती आज हसली नाही. लिंबाजी दर हाकेला हात वर करत होता. शेवटच्या गड्याची हाक झाली आणि सिद्धराम घाईनं म्हणाला, "झालं, चला, वाफ धरा."

"थांबा," पद्माबाई म्हणाली.

ती खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिनं दातांतला पदर सोडला, मान वर केली आणि थेट सासऱ्याकडं पाहिलं. धनगराची लेक ती. लहानपणी नाल्यापलीकडची मेंढरं उभ्या जागेवरून हाकेनं वळवायची, पण हे त्या घरात कुणी तिला कधी विचारलं नव्हतं.

"लिंबाजी!"

हाक समोरच्या डोंगराला जाऊन परत आली. नाल्यातले बैल दचकून माना वळवून बघू लागले. लिंबाजीला हात वर करवेना. इंजन भरवेगात चालू असतं, दोन इंजनं चालू असती, तरी ती ऐकू आली असती. आपल्या सुनेला एवढा आवाज आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.